जागा एक, इच्छुक दोन

पावसाळा ओसरू लागला की वाराणसीच्या महाविद्यालयीन मैदानांवर निवड चाचण्यांचे दिवस येतात. मुले त्यांना सरळ ‘ट्रायल’ म्हणतात. काशी म्हटले की आपल्याला विश्वनाथाचे दर्शन, गंगास्नान, पंचगंगा घाट, पितरांचे कार्य आठवते. महानगरी एक्सप्रेसने जायचे, तीन दिवस राहायचे आणि गंगाजल घेऊन परतायचे. पण याच नगरीत १९१६ मध्ये मालवीयजींनी उभे केलेले काशी हिंदू विश्वविद्यालय आहे. (तिथल्या व्यायामशाळेला ‘शिवाजी हॉल’ म्हणतात, हे कळल्यावर मराठी माणसाला जरा बरे वाटतेच.) १९२१ चे काशी विद्यापीठ आहे. आणि भिंगा संस्थानचे राजे उदयप्रताप सिंह यांनी १९०९ मध्ये सुरू केलेली शाळा वाढून झालेले, ज्याला सारे शहर ‘यूपी कॉलेज’ म्हणते ते उदयप्रताप महाविद्यालय आहे. या सगळ्यांना मैदाने आहेत, आणि पहाटे घाटावर जशी गर्दी असते तशी पहाटे या मैदानांवरही असते.

स्पर्धांचा मोसम सुरू होण्याआधीचे हे काही आठवडे आपण साधकांनी पाहण्यासारखे आहेत. कारण या आठवड्यांत समोर प्रतिस्पर्धी संघ नसतोच. स्पर्धा असते ती आपल्याच रंगाची जर्सी घालू पाहणाऱ्या मित्राशी. फुटबॉलच्या संघात अकरा जागा असतात. येणारी मुले त्याहून कितीतरी जास्त. एकेका जागेसाठी दोन, तीन, चार इच्छुक. ती एकाच वसतिगृहात राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात, एकमेकांची सायकल वापरतात, आणि सकाळी सहा वाजता एकाच जागेसाठी एकमेकांविरुद्ध धावतात.

त्यातही गोलरक्षकाची गोष्ट सगळ्यांत कठीण. डाव्या बाजूला जागा नाही मिळाली तर एखादा खेळाडू उजव्या बाजूला खेळू शकतो. आघाडीला नाही तर मधल्या फळीत सामावून घेता येते. गोलमध्ये मात्र एकच जण उभा राहतो. सामना चालू असताना गोलरक्षक सहसा बदलतही नाहीत. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक पूर्ण मोसम हातमोजे घालून बाकावर बसू शकतो.

समजा, असे दोघे आहेत. एक तिसऱ्या वर्षाचा, गाझीपूरकडच्या खेड्यातला. दोन वर्षे राखीव राहिला, आता त्याच्या आधीचा गोलरक्षक पदवी घेऊन गेला आहे आणि यंदा पहिल्यांदा दार उघडे दिसते आहे. त्याच्यासाठी हे शेवटचेच वर्ष. दुसरा नुकताच दाखल झालेला. उंच, लांब हातांचा, अंगात उपजत चपळाई, पण अजून कच्चा. आता सराव कसा होतो ते पाहा. बाकीचे खेळाडू मैदानभर धावत असतात तेव्हा गोलरक्षक एका टोकाला वेगळे असतात. त्यांचा सराव त्यांनाच एकमेकांकडून करून घ्यावा लागतो. एक गोलमध्ये उभा राहतो, दुसरा दहा-बारा पावलांवरून त्याच्यावर चेंडू मारतो. मग जागा बदलायच्या. रोज शंभर-शंभर चेंडू.

तिसऱ्या वर्षाचा मुलगा चेंडू मारायला उभा आहे. त्याने कसा मारावा?

प्रश्न साधा वाटतो, पण इथेच सगळे आहे. त्याने सोपे, हाताशी येणारे चेंडू मारले तर समोरचा मुलगा झेलतो, छान दिसतो, खूश होतो. आणि महिनाभरात जिथे होता तिथेच राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, किती सांभाळून घेतोय नवीन मुलाला! पण आत काय चालले आहे ते मारणाऱ्यालाच ठाऊक. उलट त्याने खांबाच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, जोरात चेंडू मारले तर समोरचा दहापैकी आठ चेंडू सोडेल, ढोपरे सोलून घेईल, कदाचित चिडेल. पण महिन्याने तो त्यातले पाच अडवू लागेल. आणि तेव्हा ही जागा कोणाची, हा प्रश्न खरोखरीचा होईल.

म्हणजे या खेळात माझ्या प्रतिस्पर्ध्याची प्रगती माझ्या पायात आहे. मी त्याला किती जोरात चेंडू मारतो यावर तो किती चांगला होणार हे ठरते. इतक्या स्वच्छपणे हा प्रश्न आयुष्यात फार थोड्या ठिकाणी समोर येतो.

यावर आपल्याकडे दोन-तीन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर: अरे, खेळच तर आहे, इतके काय मनाला लावून घ्यायचे. हे उत्तर देणाऱ्यांनी या मुलांची घरे पाहिलेली नसतात. पूर्वांचलातल्या मुलासाठी विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळल्याचे प्रमाणपत्र म्हणजे खेळाडूंसाठी राखीव असलेल्या नोकरीच्या दारावरची थाप असते. बनारसचे मोहम्मद शाहिद १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या हॉकी संघात होते. ड्रिबलिंगसाठी त्यांचे नाव जगभर घेतले जाई. त्यांची नोकरी होती रेल्वेत, वाराणसीच्याच डिझेल इंजिन कारखान्यात. आजचा बनारसचा हॉकीपटू ललित उपाध्याय उत्तर प्रदेश पोलिसांत उपअधीक्षक झाला. या शहरात संघातली जागा आणि घरातली चूल यांच्यात फार अंतर नाही. तेव्हा ‘खेळच तर आहे’ म्हणणे ही वैराग्याची भाषा वाटली तरी ती दुसऱ्याच्या पोटाबद्दलची बेफिकिरी आहे.

दुसरे उत्तर आपल्या सत्संगी मंडळींचे आवडते: फळाची इच्छा सोडावी. उत्तर बरोबर आहे, पण ते ज्या प्रकारे वापरले जाते ते बरोबर नाही. निवडीच्या चिंतेने थकलेला मुलगा ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या मनाने सरावाला येतो, तेव्हा त्याने फळाची इच्छा सोडलेली नसते. त्याने कर्म सोडलेले असते. इच्छा तिथेच आहे, फक्त अपयशाचे कारण आधीच तयार करून ठेवले आहे. असा अर्धवट सराव करणारा प्रतिस्पर्ध्याचेही नुकसान करतो, कारण समोरच्याला घासून पाहायला दगडच मिळत नाही.

तिसरे उत्तर आजच्या काळाचे: स्पर्धा चांगलीच असते, तिच्यातून माणूस घडतो, लढा आणि जिंका. यातही तथ्य आहे. दोन गोलरक्षक नसतील तर एकही चांगला होत नाही. पण हे सांगणारे सकाळच्या मैदानाबद्दल बोलतात, रात्रीच्या वसतिगृहाबद्दल बोलत नाहीत. दिवे मालवल्यावर शेजारच्या खाटेवरच्या मित्राला खोकला येतो आणि मनात काहीतरी हलते, त्याचे काय करायचे?

तेच पाहू या. निवडीच्या आदल्या दिवशी कळते की नवीन मुलाला ताप भरला आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलाच्या मनात पहिल्या क्षणी काय येईल? प्रामाणिकपणे सांगायचे तर, सुटल्याची एक बारीक लहर. आपणही आपल्या आयुष्यातला असा एखादा क्षण आठवून पाहा. कार्यालयात आपल्याबरोबर बढतीच्या यादीत असलेल्या माणसाची बदली झाली. आपल्या मुलाच्या वर्गातला पहिला येणारा विद्यार्थी गाव सोडून गेला. ती लहर आली की नाही?

ती लहर आली म्हणून स्वतःला पापी ठरवू नका. चित्तात वृत्ती उठतात, त्या आपल्याला विचारून उठत नाहीत. कित्येक साधक इथे अडकतात. मनात मत्सर आला म्हणून ते स्वतःलाच इतके बोल लावतात की मत्सराऐवजी दिवसभर स्वतःचाच विचार करत राहतात. तोही अहंकारच, फक्त रडका. प्रश्न पुढच्या क्षणाचा आहे. लहरीनंतर तो मुलगा त्या खाटेकडे पाठ करून झोपतो, की उठून पाणी देतो आणि गोळी आणायला जातो? पाणी देताना मन शुद्ध झालेले असेलच असे नाही. हात आधी जातो, मन पाठोपाठ येते. साधनेत अनेकदा असेच होते.

आता एक तर्काची अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, जागा एकच आहे. ती मला मिळावी असे म्हणणे म्हणजेच त्याला मिळू नये असे म्हणणे. मग ‘मला मिळो, पण त्याचे वाईट न होवो’ ही निव्वळ शब्दांची कसरत झाली.

तसे नाही. महानगरीचे शेवटचे तिकीट तुम्ही काढता तेव्हा तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्याला ते मिळणार नाही, हे तुम्हाला ठाऊक असते. पण तुम्ही तिकीट काढता ते काशीला जायला, त्याला मागे ठेवायला नव्हे. उद्या रेल्वेने एक डबा जास्त जोडला आणि त्यालाही जागा मिळाली, तर तुम्हाला आनंदच होईल. हीच परीक्षा. समजा प्रशिक्षकांनी सांगितले की यंदा दोन संघ पाठवायचे आहेत, दोघेही खेळाल. हे ऐकून तिसऱ्या वर्षाच्या मुलाला हलके वाटले तर त्याला जागा हवी होती. पण आपल्याला जागा मिळूनही ‘त्यालाही कशाला?’ असे आत टोचले, तर त्याला जागेपेक्षा दुसऱ्याचे नसणे जास्त हवे होते. दोन्ही इच्छा बाहेरून एकसारख्याच दिसतात. आत त्यांचे कूळ वेगळे आहे. पहिलीला आपल्याकडे स्पर्धा म्हणतात, दुसरीला मत्सर.

पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादात चित्त निर्मळ राखण्याचा एक उपाय सांगितला आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि अपुण्याविषयी उपेक्षा. करुणेवर आपण खूप बोलतो. मुदितेवर फारसे बोलत नाही, कारण ती अवघड आहे. दुसऱ्याच्या दुःखात आपण थोडे वरच्या पायरीवर उभे असतो, तिथून हात देणे सोपे असते. दुसऱ्याच्या गुणात आनंद मानायचा म्हणजे त्याला आपल्या बरोबरीच्या किंवा वरच्या पायरीवर पाहायचे. आणि तो गुण नेमका आपल्याला हव्या असलेल्या जागेचा असेल तर? हिमालयातल्या एखाद्या योग्याच्या तेजाने आनंदित होणे काही कठीण नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने कोपऱ्यातला चेंडू बोटाच्या टोकाने बाहेर ढकलला, त्या क्षणी तोंडातून ‘वा!’ निघाले, तर ती मुदिता.

महाभारतात याच्या उलट बाजूची एक गोष्ट आहे. आपण ती लहानपणापासून गुरुभक्तीची गोष्ट म्हणून ऐकतो: एकलव्याची. पण तिची सुरुवात कुठून होते ते आठवून पाहा. तुझ्याहून श्रेष्ठ माझा कोणी शिष्य होणार नाही, असे द्रोणांनी अर्जुनाला सांगितलेले असते. अरण्यात एकलव्याचे कौशल्य पाहिल्यावर अर्जुन त्या शब्दाची आठवण करून देतो. त्यानंतर अंगठा जातो. अर्जुनाची पहिली जागा सुरक्षित राहिली. पण त्यासाठी त्याच्या बाणांना आणखी धार आली नाही. जगातून एक धनुर्धर कमी झाला. अर्जुन मोठा आहे, त्याला गीता ऐकायची आहे, त्याच्याविषयी आपल्या मनात आदर आहे. तरीही या प्रसंगी तो आपल्यासारखाच होता, असे मला वाटते. मैदानावर हातातले काही कापले जात नाही. सोपे चेंडू मारले जातात, इतकेच. पण काम तेच.

मग तिसऱ्या वर्षाच्या मुलाने काय करावे? आपल्या दोन वर्षांच्या अनुभवातून कळलेल्या गोष्टी त्याला सांगाव्यात का? पेनल्टीच्या वेळी चेंडूकडे न पाहता मारणाऱ्याच्या टेकलेल्या पायाकडे आणि कमरेकडे पाहावे, चेंडू कुठे जाणार ते तिथे आधी कळते. ओल्या मैदानावर चेंडू टप्पा पडला की उसळायचा सोडून सरपटतो, म्हणून शरीर चेंडूच्या मागे आणावे. या गोष्टी पुस्तकात वाचून येत नाहीत, कोणीतरी सांगाव्या लागतात.

माझे मत, सांगाव्यात. त्यात त्याचे नुकसान होऊ शकते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सांगितल्याने चांगलेच होईल, देव दुप्पट देईल, असले आश्वासन मी देणार नाही. सांगावे ते एका वेगळ्या कारणासाठी: ती जागा त्याची नाही.

हे शब्द कठोर वाटतील. दोन वर्षे वाट पाहिली, घाम गाळला, मग जागा त्याची कशी नाही? पण विचार करा. गोलच्या दोन खांबांमधली ती जागा संघाची आहे. पुढच्या दहा खेळाडूंची ती पाठ आहे. ते धावतात ते मागे कोणीतरी भरवशाचा उभा आहे या विश्वासावर. त्या जागेवर जो उभा राहील तो विश्वस्त म्हणून उभा राहील, मालक म्हणून नाही. एकदा हे मनात उतरले की बरेच गुंते आपोआप सुटतात. जोरात चेंडू मारायचा, कारण संघाला सगळ्यांत चांगला गोलरक्षक मिळायला हवा, आणि तो कोण हे अजून ठरलेले नाही. माहिती सांगायची, कारण ती ज्याने आपल्याला सांगितली त्यानेही ती संघासाठीच सांगितली होती.

आणि त्याच कारणासाठी एक गोष्ट करायची नाही. आपल्या संस्कारांत वाढलेली मुले ही गोष्ट कधीकधी करतात आणि आपण तिचे कौतुकही करतो. ‘त्याच्या घरची परिस्थिती माझ्याहून वाईट आहे, त्याला जागा मिळू दे’ असे म्हणून चाचणीत मुद्दाम दोन चेंडू सोडायचे. हा त्याग मोठा सुंदर दिसतो. पण जे आपले नाही ते दान करता येत नाही. त्याने संघाची वस्तू परस्पर देऊन टाकली. शिवाय ज्याला दिली त्याच्याकडून एक मोलाची गोष्ट काढून घेतली: आपण खरोखर कुठे आहोत हे कळण्याची संधी. मित्राला मदत करायची तर परीक्षेच्या शुल्काची करा, बुटांची करा, घरी पैसे पाठवायला करा. चाचणीच्या दिवशी मात्र जीव तोडून खेळा. तोच त्या दिवशीचा प्रेमाचा व्यवहार आहे.

इथे निवड करणाऱ्यांवरही काही जबाबदारी येते. जागा संघाची म्हटल्यावर ती वाटणाऱ्यालाही ती विकता येत नाही, पुतण्याला देता येत नाही. ललित उपाध्यायच्या आयुष्यात हे फार कडू रीतीने आले. यूपी कॉलेजच्या मैदानावर प्रशिक्षक परमानंद मिश्र यांच्या हाताखाली तो घडला. २००८ मध्ये एका वृत्तवाहिनीने राष्ट्रीय हॉकी संघटनेतल्या पैशाच्या व्यवहाराचा छुप्या कॅमेऱ्याने पर्दाफाश केला. खेळाडूला संघात घेण्यासाठी पैसे देऊ करताना त्या लोकांनी नाव पुढे केले ते ललितचे. त्या कोवळ्या मुलाला याचा पत्ताही नव्हता. संघटना बरखास्तीपर्यंत गेली, ते योग्यच झाले. पण ज्याचा काही दोष नव्हता त्याच्या नावाला संशय चिकटला, आणि हॉकी सोडण्याचे विचार त्याच्या मनात येऊ लागले. खडकीचे आपले धनराज पिल्ले त्या काळात त्याच्या पाठीशी उभे राहिले. २०१४ मध्ये तो भारतीय संघात आला.

म्हणून मुदितेचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पतंजलींनी ती पुण्याविषयी सांगितली आहे. मित्र गुणाने पुढे गेला तर आनंद माना. पण जागा पैशाने, ओळखीने, जातीच्या हिशेबाने दिली गेली असेल, तर तिथे गप्प बसून हसण्याला अध्यात्म म्हणू नये. अशा वेळी विचारावे, लेखी विचारावे, वरिष्ठांकडे जावे. फक्त विचारण्यापूर्वी एकदा आत डोकावावे, की मला अन्याय खटकतो आहे की नुसते माझे नाव नसणे.

निवड न्याय्य झाली, आणि आपले नाव यादीत नाही. पुढे काय?

टोकियो ऑलिंपिकसाठी भारतीय हॉकी संघ निवडला गेला तेव्हा सोळा जणांची यादी होती. ललित त्यात होता. सिमरनजीत सिंग नव्हता. तो राखीव होता. महामारीच्या काळामुळे नियम बदलले आणि राखीव खेळाडूंनाही सामन्यात उतरवण्याची मुभा मिळाली. ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाचा सामना झाला. भारत १-३ असा मागे पडला होता आणि शेवटी ५-४ ने जिंकला. त्या पाचांपैकी दोन गोल सिमरनजीतचे. मॉस्कोत शाहिद यांच्या संघाने जिंकलेल्या पदकानंतर ४१ वर्षांनी हॉकीत पदक आले, आणि ते आणणाऱ्यांत यादीबाहेर राहिलेला एक जण होता.

ही गोष्ट प्रवचनांत सांगायला फार सोयीची आहे: पाहा, धीर धरला, फळ मिळाले! पण मला तिच्याइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. गोलरक्षक कृष्ण पाठक. श्रीजेशसारखा जगातला एक उत्तम गोलरक्षक संघात असताना त्याच्या मागचा दुसरा. टोकियोला राखीव, २०२४ ला पॅरिसलाही राखीव. दोन्ही वेळी पदक आले, आणि दोन्ही वेळी गोलमध्ये श्रीजेश होता. पाठकसाठी कोणताही नियम बदलला नाही. पण इतकी वर्षे श्रीजेशच्या सरावात त्याच्यासारखाच दुसरा गोलरक्षक रोज बरोबर होता, तो हाच. ज्या हातांनी शेवटच्या क्षणीचा चेंडू अडवला, ते हात घडताना हा शेजारी उभा होता. पदकांच्या यादीत असल्या सहवासाचा रकाना नसतो.

पॅरिसनंतर श्रीजेश निवृत्त झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडक झाला आणि भारताने तो जिंकला, तेव्हा गोलरक्षक म्हणून पाठक होता, आणि त्याच्याबरोबर दुसरा गोलरक्षक होता आपल्या मुंबईचा सूरज करकेरा. म्हणजे आता पाठकच्या मागे कोणीतरी उभे होते.

वाचकहो, आपण मैदानावर नसलो तरी हे आठवडे आपल्याही वाट्याला येतात. सत्संगात पेटी वाजवणारे दोघे असतात आणि पेटी एक. उत्सवात प्रास्ताविक कोणी करायचे, पाहुण्यांना हार कोणी घालायचा, शिबिराची जबाबदारी यंदा कोणाकडे. ओठांवर ‘मला काहीच नको, सेवा महत्त्वाची’ असते, आणि दुसऱ्याचा सूर भजनात जरा हलला की कान लगेच टवकारतात. मैदानावरची मुले निदान उघडपणे म्हणतात की मला ही जागा हवी आहे. त्यांच्या त्या मोकळेपणाचा मला कधीकधी हेवा वाटतो. आपण इच्छा नाकारतो, म्हणून ती मागल्या दाराने येते: दुसऱ्याला कार्यक्रमाची वेळ उशिरा कळवण्याच्या रूपाने, अवघड ओळ कशी म्हणायची ते न सांगण्याच्या रूपाने. पेटीवर नवीन शिकणाऱ्या मुलीला सोपीच भजने देत राहणे आणि वर्षानुवर्षे तिचे ‘छान, छान’ म्हणून कौतुक करणे, हाही हाताशी मारलेला चेंडूच.

यासाठी एक छोटा अभ्यास सुचवतो. ज्याच्याशी आपली अशी न बोललेली स्पर्धा आहे त्या एका व्यक्तीचे नाव मनात घ्या. तिला ठाऊक नसलेली आणि आपल्याला ठाऊक असलेली, तिच्या उपयोगाची एक गोष्ट शोधा. ती या आठवड्यात तिला सांगा. सांगताना मनात काय काय होते ते नुसते पाहा. त्याच्याशी भांडू नका. उपकार केल्याचा आवही आणू नका. पुढच्या आठवड्यात आणखी एक.

आणि ज्याला जागा मिळाली त्याचे काय? त्याच्याविषयी फार कमी लिहिले जाते; जणू जिंकणाऱ्याला धर्म नसतो. फळ्यावर यादी लागली, नवीन मुलाचे नाव वर, तिसऱ्या वर्षाच्या मुलाचे खाली, राखीव म्हणून. त्या संध्याकाळी नव्याने काय बोलावे? सांत्वन करू नये. ‘खरे तर तूच यायला हवा होतास’ हे तर मुळीच म्हणू नये. ते खोटे असते आणि ऐकणाऱ्याला कळते. जेवायला बोलवावे, नेहमीसारखे बसावे. हवे तर गप्प बसावे. आणि सकाळी सहा वाजता हातमोजे घालून गोलमध्ये उभे राहून त्याला सांगावे, भैया, कालच्यासारखे नको, आज कोपऱ्यात मारा.

सामन्याला अजून बारा दिवस आहेत.